माल्टात पहिला महिना: आधी अक्षरं, मग कागद, मग समुद्र

माल्टाचा विमानतळ ज्या गावाजवळ आहे, त्याचं नाव पाटीवर एल, यू, क्यू, ए अशा अक्षरांत लिहिलेलं असतं. नवा माणूस टॅक्सीवाल्याला 'लुका' सांगतो, जरा शिकलासवरलेला असेल तर 'लुक्वा' म्हणतो. टॅक्सीवाला दोघांनाही समजून घेतो, त्याला सवय झालेली आहे. खरा उच्चार लू'आ. मधल्या क्यूच्या जागी घशात आवाज क्षणभर अडतो आणि सुटतो, एवढंच.

इथे येणाऱ्या आपल्या माणसाला सगळं सोपं वाटतं. इंग्रजी ही राजभाषा आहे, दुकानदारापासून पोलिसापर्यंत सगळे ती बोलतात. गाड्या डाव्या बाजूने चालतात. सगळी बेटं मिळून देश केवढासा, तर 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याच्या साधारण निम्मा, आणि वस्ती साडेपाच लाखांच्या वर. मग माणूस गाफील राहतो. घर न पाहता घेतो, करार न वाचता सही करतो, ऑगस्टमध्ये भर दुपारी देवळं बघायला निघतो. हे सोपं वाटणंच इथला पहिला चकवा आहे. खाली जे लिहिलंय ते कामाला किंवा शिकायला येणाऱ्यांसाठी आहे. आठ-दहा दिवस फिरायला येणाऱ्यांनी घर आणि कागद हे भाग सोडले तरी चालतील. अक्षरांचा भाग मात्र त्यांनीही वाचावा.

निघण्याआधी

फिरायला येणार असाल तर शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, प्रौढांना शुल्क 90 युरो, आणि निदान 30,000 युरोचा प्रवास विमा हवा. विमान दुबई किंवा इस्तंबूलला बदलता येतं, युरोपातल्या शहरांतही बदलता येतं. फ्रँकफुर्ट किंवा रोममार्गे आलात तर शेंगेनमधला प्रवेश तिथेच होतो, पासपोर्टची तपासणीही तिथेच. म्हणून हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, विम्याचा कागद हे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

कामाला येणाऱ्यांचा परवाना वेगळा. त्याला सिंगल परमिट म्हणतात, कारण काम आणि वास्तव्य दोन्ही एकाच कार्डावर येतं. हे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव इदेन्तिता. परवाना तुमच्या मालकाशी जोडलेला असतो, नोकरी बदलली की नवा अर्ज करावा लागतो. 'तिथे जाऊन दुसरं बघू' असा विचार करून कोणी निघत असेल तर हे वाक्य त्याने पुन्हा वाचावं. हॉटेल आणि पर्यटनाच्या कामाला येणाऱ्यांना 2024 पासून स्किल्स पास नावाची पात्रताही सिद्ध करावी लागते.

एजंटाबद्दल. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर ती तपासता येते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. 'माल्टाचे पाच लाख' असा भाव कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि त्याचा चेहरा बघा. पगाराचा अंदाज आधी बांधा. 2025 साली प्रौढांचं किमान वेतन आठवड्याला 221.78 युरो होतं. ते रुपयांत गुणून खूश होऊ नका. स्लीमा किंवा सेंट जुलियन्सला एका बेडरूमचं स्वतंत्र घर घ्यायचं म्हटलं तर एवढा सगळा पगार भाड्यातच जातो.

बॅग भरताना युरोपीय संघाचा एक नियम मराठी घराला फार लागतो. बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताजी फळं-भाज्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटीही नाही आणि कढीपत्ताही नाही. गंमत अशी की ज्या पाच फळांना सूट आहे त्यांत नारळ आहे! गोडा मसाला, मेतकूट, चिवडा, भाकरीचं पीठ खुशाल आणा. विजेचा दाब आपल्याएवढाच असतो, पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, चौकोनी भोकांचं आहे. आपली गोल पिनांची वायर त्यात जात नाही, तेव्हा दोन-तीन अडॅप्टर टाका.

अक्षरं: एका संध्याकाळचं काम

माल्टी ही मुळात सिसिलीतल्या अरबीपासून निघालेली भाषा. सेमिटिक कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाते आणि इटालियन-सिसिलियन शब्दांनी भरलेली आहे. युरोपीय संघाच्या राजभाषांत अशी दुसरी नाही. तुम्हाला ती बोलता यावी अशी कोणाची अपेक्षा नसते. पण गावांची नावं वाचता आली नाहीत तर बसमध्ये रोज घोळ होतो.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे आणि तो बाकीच्यांना नाही. आपल्याकडे 'च' दोन आणि 'ज'ही दोन आहेत. लिहिताना एकच, बोलताना वेगळे. माल्टी लोक त्यांना वेगळी अक्षरं देतात. सीवर टिंब असेल तर तो चिमणीतला च. झेड टिंबाशिवाय असेल तर चांदण्यातला च. जीवर टिंब म्हणजे जेवणातला ज, आणि झेडवर टिंब म्हणजे जहाजातला ज. हे चारही ध्वनी आपल्या तोंडात तयार आहेत. इंग्रज पन्नास वर्षं राहूनही ग्राझी म्हणतो, आपण पहिल्या दिवशी 'ग्रात्सी' म्हणू शकतो. ग्रात्सी म्हणजे आभार.

उरलेली थोडीच. एक्स म्हणजे श. जे म्हणजे य. एचला वर आडवी रेघ असेल तर स्पष्ट ह, रेघ नसेल तर बहुधा मुका. जी आणि रेघवाला एच जोडून आले तर स्वतःचा आवाज नाही, शेजारचा स्वर फक्त लांबतो. क्यू म्हणजे तो मघाचा अडखळा. शब्दाच्या सुरुवातीला एम आणि पुढे व्यंजन असेल तर आधी हळूच 'इ' येतो: इम्दीना, इम्सीदा, इम्जार. आता मार्साश्लोक वाचून बघा. मार्सा म्हणजे बंदर आणि श्लोक म्हणजे आग्नेयेचा वारा, जो आफ्रिकेकडून गरम हवा आणि धूळ घेऊन येतो. आपल्याला 'श्लोक' ऐकून जे आठवतं त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण गावाचं नाव त्यामुळेच कधी विसरलं जात नाही.

एक शब्द आणखी सांगतो, तो दिवसातून शंभरदा कानावर पडेल: 'मेला'. दुकानात, फोनवर, बँकेत, सगळीकडे 'मेला, मेला'. अर्थ साधा: 'तर मग', 'हो ना', 'अर्थात'. माझी आजी ऐकती तर म्हणाली असती, हे लोक दिवसभर कोणाला शिव्या देतात?

निरोप घेताना 'साह्हा' म्हणतात, म्हणजे तब्येत. आणि चर्चमध्ये गेलात तर कान टवकारून ऐका. हे कडवे कॅथलिक लोक देवाला 'आल्ला' म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाला 'रान्दान'.

घर: भिंतीला हात लावा

बेटावरची घरं मधाच्या रंगाच्या मऊ चुनखडीची. उन्हात फार देखणी दिसतात. रस्त्याकडेला लाकडी, बंद, रंगवलेल्या गॅलऱ्या असतात, त्यांचे फोटो तुम्ही पहिल्याच दिवशी काढाल. पण हा दगड पाणी पितो. हिवाळ्यात बाहेर दहा-पंधरा अंश असतात, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरच्या पहाटेइतके. पण घरात त्याहून थंड वाटतं, कारण भिंती ओलसर आणि घर गरम ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. माझ्या पहिल्या जानेवारीत कपाटातल्या कोल्हापुरी चपलांवर हिरवी लव आली. कोकणातल्या श्रावणातही त्यांची अशी दशा झाली नव्हती.

म्हणून घर उन्हाळ्यात बघितलं तरी डोक्यात हिवाळा ठेवून बघा. पलंग सरकवून मागची भिंत पाहा, तिला हात लावा. नुकताच रंग दिलेला असेल तर विचारा, का दिला. तळमजला आणि अर्धतळघर टाळा. हवेतला ओलावा शोषणारं यंत्र घरात आहे का ते बघा, नसेल तर करारातच लिहून घ्या. वरचा मजला कोरडा असतो, पण जुलैत तापतो, तेव्हा तिथे एसी हवाच.

कुठे राहायचं? स्लीमा, ग्झीरा, सेंट जुलियन्स इथे नोकऱ्या, समुद्र, गजबज आणि भाडं, सगळंच जास्त. इम्सीदाला मातेर देई हे मोठं सरकारी रुग्णालय आणि विद्यापीठ जवळ, म्हणून तिथे परिचारिका आणि विद्यार्थी. हम्रून, बिर्किर्कारा, मोस्ता थोडी आतली गावं, भाडं जरा हलकं, आणि शेजारी माल्टी मिळण्याची शक्यता जास्त. दक्षिणेकडे बिरझेब्बूजाच्या बाजूला आणखी स्वस्त, पण बसचा वेळ मोजून बघा.

करार किमान एक वर्षाचा असतो. 2020 पासूनच्या कायद्याने तो मालकाने हाउसिंग ऑथॉरिटीकडे नोंदवायचा असतो. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरू स्वतः नोंदवू शकतो. नोंदणी नसलेला करार तुमच्या कार्डाच्या कामात उपयोगी पडत नाही, तेव्हा 'नोंदवू नंतर' हे ऐकून घेऊ नका. वर्षाच्या करारात पहिले सहा महिने तुम्ही बांधलेले असता, त्यानंतर महिन्याची नोटीस देऊन सुटता येतं. अनामत साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी. दलाल असेल तर त्याचं वेगळं.

यात सगळ्यात जास्त लोक फसतात ते वीज-पाण्याच्या बिलात. दर घरात किती माणसं नोंदलेली आहेत त्यावर ठरतो. घरात राहणाऱ्यांची नावं अर्जाने नोंदवली तर निवासी दर लागतो, नाहीतर बिल महागड्या दराने येतं. मालकाला त्याचं काही सुखदुःख नसतं, कारण बिल तुम्ही भरता. माझ्या पहिल्या घरमालकाने तो अर्ज सात महिने 'उद्या' केला. तो माणूस वाईट नव्हता, दर नाताळात मला खजुराचा केक द्यायचा. तरीही चावी घेतानाच त्या अर्जावर त्याची सही घ्या.

कागद, थोडक्यात

ओळखपत्र, सामाजिक सुरक्षेचा क्रमांक, कराचा क्रमांक, बँक खातं. बँका नव्या परदेशी माणसाला पटकन खातं देत नाहीत. नोकरीचं पत्र, नोंदवलेला करार, मागच्या बँकेचं पत्र मागतात आणि आठवडेच्या आठवडे लावतात. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी ठेवून या. प्रत्येक कागदाची प्रत आणि प्रत्येक अर्जाची पावती जपा. सरकारी कचेऱ्यांत सकाळी जा. उन्हाळ्यात बऱ्याच कचेऱ्या दुपारीच बंद होतात. कोणत्याही अडीअडचणीला फोन क्रमांक 112.

बस

रेल्वे नाही, मेट्रो नाही. राजधानी व्हालेट्टाच्या वेशीबाहेर ट्रायटन कारंज्याभोवती मोठं बसस्थानक आहे, आणि बरेचसे मार्ग तिथूनच निघतात. पाहुण्याला तिकीट दोन-अडीच युरोंत, दोन तास चालतं, मध्ये बस बदलली तरी. रहिवासी झालात आणि नाव-फोटो असलेलं ताल्लीन्या कार्ड काढलं की नेहमीचा प्रवास फुकट, ऑक्टोबर 2022 पासून. ते कार्ड पहिल्या आठवड्यातच मागवा.

बसला हात दाखवावा लागतो. थांब्यावर नुसते उभे राहिलात तर चालक समोरून निघून जाईल, आणि त्याची चूक नसेल. भरलेली बस तर हात दाखवूनही थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये स्लीमाच्या मधल्या थांब्यावर तीन बस अशा गेल्या की माणूस चालायला लागतो. म्हणून जमेल तेव्हा मार्गाच्या सुरुवातीला जाऊन चढा. स्लीमाहून व्हालेट्टाला जायचं तर बसचा नादच सोडा. बंदर ओलांडणारी छोटी बोट दहाएक मिनिटांत नेते, आणि समोर तटबंदी, घुमट, मनोरा उगवत जातात तो देखावा तिकिटात फुकट. उतरलात की चढण आहे. व्हालेट्टाच्या पायऱ्यांना गुडघे चांगले लागतात.

खाणं आणि पाणी

बेटावर एक नदी नाही, एक तळं नाही. पावसाळा म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारीतल्या काही सरी. नळाच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतो. ते प्यायला सुरक्षित आहे, चहा केलात तर मात्र चव कळते. लोक बाटल्या विकत घेतात. प्रत्येक बाटलीवर आणि डब्यावर 10 सेंट अनामत असते, ती रिकामी परत यंत्रात टाकली की पावती मिळते. बाटली चेपू नका, यंत्र ओळखत नाही. कचऱ्याला ओल्यासाठी पांढरी पिशवी, मिश्र कचऱ्यासाठी काळी, आणि प्रत्येकीचा वार ठरलेला. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी दिवसभर तुमच्या दारात बसते आणि शेजारीण काही न बोलता बघते.

खाण्यात सुरुवात पास्तीत्सीपासून करा. पदरांची खारी, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. वाटाण्याची खाल्लीत की आपल्या मटार पॅटिसची सख्खी बहीण भेटल्यासारखं वाटतं. शाकाहारी मंडळींनी इतकंच विचारावं की पीठ कशात मळलंय. जुन्या पद्धतीत डुकराची चरबी घालतात, हल्ली बरेच ठिकाणी मार्गारिन असतं. इम्दीनाच्या वेशीजवळ रबातला पास्तीत्सीचं एक जुनं दुकान आहे, तिथे पहाटेही माणसं उभी असतात.

होब्स बिज-जेय्त हे रोजचं जेवण: जाड कवचाचा पाव, त्यावर टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल, केपर, पुदिना. बहुतेकदा त्यात टूना मासा असतो, नको असेल तर आधी सांगा. चपटा पाव तो फ्तीरा. त्याची कला 2020 साली युनेस्कोच्या यादीत गेली. बिगील्ला म्हणजे वालाच्या जातीच्या सुक्या कडधान्याची लसणीची चटणी, आपल्याला हमखास आवडणारी. मांसाहारी असाल तर सशाचं स्ट्यू हा इथला राष्ट्रीय पदार्थ. शरद ऋतूत लाम्पूकी नावाचा मासा येतो, तेव्हा बाजारात तोच. व्हालेट्टाच्या वेशीवर तेलात तळलेले इमारेत मिळतात, खजुराचं सारण भरलेले. गरम खा. दिवाळीची करंजी आठवते की नाही बघा. किन्नी हे कडसर संत्र्याचं पेय 1952 पासूनचं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या बाटलीनंतर सवय लागते.

काय बघायचं, आणि कधी

पहिला नियम: जुलै-ऑगस्टमध्ये अकरा ते पाच घरात, सावलीत किंवा पाण्यात. माल्टा पायी बघायचं तर मार्च-एप्रिल, समुद्रात पोहायचं तर सप्टेंबर. मे महिन्यात ऊन कडक पण पाणी अजून थंडगार, अनेक पर्यटक तिथेच फसतात.

तिकीट आधी काढायची जागा एकच, पण ती फार महत्त्वाची: हाल साफ्लीएनी इथलं हायपोजियम. 1902 साली पाण्याचं टाकं खोदताना कामगारांना सापडलेलं, खडकात कोरलेलं भूमिगत दफनस्थान. श्वासाच्या दमटपणाने रंग उडतात म्हणून आत दर तासाला फक्त दहा माणसं सोडतात. बेटावर आल्यावर 'उद्या जाऊ' म्हणाल तर मिळणार नाही; विमानाच्या तिकिटाबरोबरच याचं काढा. नाहीच मिळालं तर व्हालेट्टाच्या पुरातत्त्व संग्रहालयात तिथे सापडलेली कुशीवर झोपलेल्या बाईची मूर्ती बघा. तळहातात मावेल एवढी आहे, आणि तिच्यासमोर लोक आपोआप हळू बोलतात.

व्हालेट्टा 1566 पासून बांधायला घेतलं, आदल्या वर्षी तुर्कांचा मोठा वेढा परतवल्यावर. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं 1608 मधलं प्रचंड चित्र आहे, संत योहानाच्या शिरच्छेदाचं. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही मानेतून सांडलेल्या रक्तात. खालची फरशी म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या थडग्यांचे रंगीत संगमरवरी दगड, म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दुपारी बाराला वरच्या बाराक्का बागेखाली तोफ उडते, दहा मिनिटं आधी कठड्यावर जागा धरा.

बागेखालच्या बंदरात 1878 साली ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने मुंबईहून बोटी भरून जवळपास 7000 हिंदी सैनिक आणले होते, रशियाला धाक दाखवायला. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. लढाई झालीच नाही, काही आठवड्यांत त्यांना पुढे हलवलं. कठड्यावर उभं राहिलं की मला दरवेळी वाटतं, साताऱ्या-रत्नागिरीकडच्या त्या माणसांनी हा पिवळा दगड बघून काय म्हटलं असेल.

मोस्ताच्या घुमटाखाली 9 एप्रिल 1942 रोजी पडून न फुटलेल्या बॉम्बची गोष्ट तुम्हाला प्रत्येक जण सांगेल, ऐकून घ्या, खरी आहे. शेजारच्या गोझो बेटावरचं जगान्तीया देऊळ इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनं. मार्साश्लोकला रविवारी मासळीबाजार भरतो, बोटींच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात. नऊच्या आत पोचा, अकरानंतर तिथे मासळीपेक्षा मोबाइल जास्त असतात.

समुद्र

रेतीचे किनारे थोडेच, आदीरा आणि गोल्डन बे त्यांतले मोठे. बाकी ठिकाणी खडकावरून शिडीने पाण्यात उतरतात, आणि दोन पावलांवर खोल असतं. ज्यांना नीट पोहता येत नाही त्यांनी शिडीची जागा टाळावी, फोटोसाठी सुद्धा. लाल बावटा म्हणजे आत जायचं नाही. जांभळा म्हणजे जेलीफिश. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने आग वाढते. खडकांत सागरी साळिंदरं असतात, तळव्यात काटा घुसला तर आठवडा जातो. रबरी चपला घ्या.

कोमिनो या चिमुकल्या बेटाचा ब्लू लगून फोटोत दिसतो तसाच निळा आहे. फक्त फोटोत माणसं नसतात. गर्दी आवरायला 2025 पासून आधी वेळ नोंदवावी लागते. मला विचाराल तर ऑक्टोबरच्या एखाद्या मंगळवारी जा.

फेस्ता

उन्हाळ्यात सकाळी आठला धडाधड आवाज सुरू झाले तर घाबरू नका, युद्ध नाही, गावात फेस्ता आहे. प्रत्येक गावाचा एक संत, त्याचा एक आठवडा. वर्गणी, रोषणाई, कमानी, खांद्यावरची मूर्ती, बँड, कागदाचे तुकडे आणि रात्री आतषबाजी, जी गावातले हौशी लोक वर्षभर स्वतः बनवतात. कित्येक गावांत बँड क्लब दोन, आणि त्यांचं हाडवैर. कोणाची कमान उंच, कोणाचा बँड आधी निघणार यावर भांडणं. पुण्यातल्या मंडळवाल्याला इथे काहीही समजावून सांगावं लागत नाही. शेजारी कोणत्या क्लबचा हे कळल्याशिवाय मत देऊ नका. मिरवणुकीत उभे राहा, कढईतल्या साखरेचा नुगा घ्या, ग्रात्सी म्हणा. वर्षभर न बोललेला शेजारी त्या रात्री स्वतःहून बोलतो.

गोझो, निदान एक रात्र

दिवसात जाऊन येणारे गोझो बघत नाहीत, त्याच्यावरून फिरून येतात. चिर्केव्वाहून मोठी बोट साधारण पंचवीस मिनिटांत इम्जारला नेते. व्हालेट्टाहून जलद बोट पाऊण तासात. गोझोच्या मुख्य गावाला इंग्रजांनी 1887 मध्ये राणीच्या नावाने व्हिक्टोरिया म्हटलं, गोझोकर अजून रबात म्हणतात. एकाच रस्त्यावर दोन ऑपेराघरं, आस्त्रा आणि अवरोरा, दोन प्रतिस्पर्धी बँड क्लबांची, आणि दोघंही ऑक्टोबरात ऑपेरा करतात, एवढ्याशा गावात! जुन्या माहितीपत्रकांत दिसणारी समुद्रातली दगडी कमान शोधत बसू नका, ती 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली. त्याऐवजी संध्याकाळी श्वेय्नीच्या मिठागरांवर जा. ऊन तिरपं झालं की खडकातले चौकोनी खाचे आरशासारखे चमकतात.

चिर्केव्वाच्या बोटीला जाताना तिकीट कोणी विचारत नाही. पैसे परतताना इम्जारला घेतात. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन परतणार असाल तर चारच्या आत धक्क्यावर या, नाहीतर रांग टेकडीवर घराघरांपर्यंत जाते आणि काच खाली करून पुढचे दोन तास 'मेला, मेला' ऐकत बसावं लागतं.